गाढव घेताना दात नंतर, पाठ आधी

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. गावरान जनावरं आपल्याकडची, काठेवाडी गुजरातेतून आलेली. उंचीला जास्त आणि भावालाही. जो तो आल्या आल्या ओठ उचलून दात मोजतो. दोन दात आले की दुवान, चार आले की चौवान, भाव त्यावर ठरतो. दात बघावेतच, पण घाई नको.

आधी पाठीवरचं कापड स्वतःच्या हातानं उचला. एका वर्षी मी एक चौवान घेतलं. अंगावर नवी गोधडी, व्यापारी गोडबोल्या. घरी आल्यावर बघते तर मणक्यावर तळहाताएवढी जखम, वरून हळद फासलेली. वीटभट्टीचा ऐन हंगाम आणि ते दीड महिना दावणीला. तेव्हापासून मी पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके शोधते. जखम भरली तरी तिथं केस बरेचदा पांढरेच उगवतात. काठेवाडी मुळातच पांढरट, तिथं डोळ्यांचा उपयोग नाही, बोटांनी चाचपायचं. दाबल्यावर कातडी थरथरली तर पुढच्या दावणीला जा.

मग दगडगोट्यांवरून चालवून बघा. गाढव दुखणं दाखवत नाही, पण लंगडणारं जनावर चढाला मान खाली-वर करतं. खूर उचलून वास घ्या. कुजका वास आला तर ते ओल्यात उभं राहिलेलं आहे.

दोघं एकमेकांना चिकटून उभी असतील तर जमल्यास दोन्ही घ्या. सोबती तुटला की गाढव चारा सोडतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, एकटं आणलेलं गाढव आठवडाभर दाराकडं तोंड करून उभं राहतं. मीही ते पाहिलंय.

आता ओझं. ओझ्याच्या जनावरांचे हाल होऊ नयेत म्हणून केलेल्या १९६५च्या सरकारी नियमांत गाढवाच्या पाठीवर ५० किलोच्या वर घालायचं नाही, उन्हाचा पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ कामाला लावायचं नाही. तीन किलोची वीट धरली तर १६ विटा झाल्या. भट्टीवर हे सांगितलं की माणसं हसतात, कारण पैसे विटांवर मिळतात. आम्हीही तीस-पस्तीस घालायचो, खोटं कशाला बोलू. आता १६च घालते, आठ इकडं, आठ तिकडं. खेपा वाढल्या, पण पाठी सोलायच्या थांबल्या.

विटा उतरवताना एक बाजू आधी रिकामी करू नका. डावीकडून दोन, उजवीकडून दोन, असं घ्या. नाहीतर गोणी एकीकडं ओढली जाते आणि तिची कड बरगडीला घासते. खाली गोणपाटाची चार पदरी घडी हवी, मणक्यावर मात्र पन्हळ राहिली पाहिजे.

संध्याकाळी ओझं उतरलं की लगेच बांधू नका, राखेत लोळू द्या. ज्या दिवशी लोळलं नाही, त्या दिवशी कंदील घेऊन पाठ बघा.