व्हिएतनाममध्ये मासळी खाताना आधी काटा बघा

दा नांग, न्या त्रांगकडे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत टाकीतली जिवंत कोळंबी, खेकडे बोट दाखवून निवडायचे असतात आणि पैसे वजनावर. फलकावरचा भाव किलोचा की 'लांग'चा, हे आधी विचारा. तिथला लांग म्हणजे 100 ग्रॅम, त्यामुळे स्वस्त वाटलेला खेकडा बिलात दहापट होऊन येतो. वजन समोर करून घ्या, एकूण रक्कम मोबाइलवर टाइप करून दाखवायला सांगा, मगच हो म्हणा.

पैसे देताना नोट उजेडात धरा: 20 हजार आणि 5 लाख डाँग, दोन्ही निळ्या! टेबलावरच्या ओल्या रुमालाचेही बऱ्याचदा पैसे लागतात. नको असेल तर पाकीट फोडू नका.

गवती चहाच्या, म्हणजे लेमनग्रासच्या, काड्या घालून वाफवलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) मात्र सोडू नका. तळाचं पाणी चमच्याने प्या, खरी चव तिथेच. सोबत मीठ-मिरपुडीवर लिंबू पिळून चटणी तुम्हीच कालवायची.

बरोबर कुणी शाकाहारी असेल तर 'चाय' लिहिलेली पाटी शोधा. चहा नव्हे, तिथे चाय म्हणजे शाकाहारी. नुसत्या भाज्या मागवल्या तर त्यात फिश सॉस हमखास पडतो.