कमी तेलातलं खान्देशी चिकन सूप: भाजलेला कांदा, काळा मसाला आणि हाडांचं पाणी

खान्देशात कोंबडीच्या रश्श्यावर लाल तर्री दिसली नाही तर पाहुण्याला पाहुणचारच अपुरा वाटतो. पण तर्री म्हणजे शेवटी मिरचीचा रंग आणि तिखटपणा घेऊन वर आलेलं तेल. रश्श्याला अंग येतं ते हाडांच्या पाण्याने आणि विस्तवावर भाजलेल्या कांद्याने. हे दोन जमले की चार जणांच्या सुपाला एक मोठा चमचा तेल पुरतं. ही कृती त्याच रश्श्याची आहे, फक्त वाटीने पिता येईल इतक्या पातळ.

साहित्य (चार जणांसाठी)

कातडी काढलेलं ५०० ग्रॅम चिकन, हाडांसकट. मान आणि पाठीचे तुकडे दुकानदाराकडून आवर्जून मागून घ्या. बोनलेस घेतलंत तर सूप मिळमिळीत होणार, मसाला कितीही घाला. २ मध्यम कांदे, १५ ग्रॅम सुकं खोबरं (काडेपेटीएवढा तुकडा), १ मोठा चमचा फुटाण्याची डाळ, १२ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, देठांसकट मूठभर कोथिंबीर, २ छोटे चमचे काळा मसाला, अर्धा छोटा चमचा हळद, सव्वा छोटा चमचा मीठ, १ मोठा चमचा शेंगदाणा तेल आणि दीड लिटर पाणी. रंग हवा असेल तर अर्धा चमचा कमी तिखट लाल मिरचीची पूड.

रोजच्या रश्श्यात याच्या तिप्पट-चौपट खोबरं सहज पडतं. इथे दाटपणाचं काम बरंचसं फुटाण्याची डाळ करते, खोबरं फक्त वासापुरतं.

आधी पाणी काढा

कच्चं चिकन धो-धो नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर, कापलेल्या कोथिंबिरीवर जातात. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर खोल पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने खळबळा आणि नंतर सिंक साबणाने घासा.

तुकडे थंड पाण्यातच घाला, हळद आणि निम्मं मीठ टाका आणि मध्यम आचेवर ठेवा. उकळी येताना राखाडी फेस जमतो, तो पळीने काढत राहा. पाच-सात मिनिटांत थांबतो. मग आच इतकी मंद करा की एखाद-दुसरा बुडबुडा फुटेल. खळखळ उकळलं की फेस आणि चरबी पाण्यात मिसळते, सूप गढूळ होतं आणि मांस दोरीसारखं होतं. ब्रॉयलर २५ ते ३० मिनिटांत शिजतं. छातीचे तुकडे मात्र १५ मिनिटांनी बाहेर काढून झाकून ठेवा, नाहीतर कोरडे पडतात. गावरान कोंबडीला पातेल्यात दीड तास लागू शकतो. तिच्यासाठी कुकरच बरा, सहा-सात शिट्ट्या.

पाणी तयार झालं की त्यातलं एक वाटी बाजूला ठेवा. सूप तिखट झालं तर हेच उपयोगी पडेल, आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्याला वर मिरपूड भुरभुरून असंच देता येतं.

भाजणं, वाटणं

कांदे सालासकट गॅसच्या जाळीवर ठेवा. चूल असेल तर निखाऱ्यात खुपसा. दहा-बारा मिनिटं फिरवत राहा. वरचं साल कोळशासारखं काळं झालं पाहिजे आणि चिमट्याने दाबल्यावर कांदा मऊ लागला पाहिजे. आतला गर स्वतःच्याच रसात वाफवून गोड होतो, आणि तेलाचा थेंब लागत नाही. काळं साल काढा, पण कांदा पाण्याखाली धुऊ नका. तो धुरकट वास धुऊन टाकण्यासाठी एवढा खटाटोप नव्हता. गरावर दोन-चार काळे ठिपके राहिले तर राहू द्या.

खोबरं चिमट्यात धरून आचेवर फिरवा. कडा पेटली तर फुंकर मारून विझवा. तपकिरी होऊन वर तेलाची चकाकी आली की झालं. भाजण्याआधी वास घ्यायला विसरू नका: खवट खोबऱ्याचा एक तुकडा अख्खं पातेलं बिघडवतो.

वाटताना आधी खोबरं आणि डाळ कोरडीच बारीक करा, मग आलं-लसूण, कोथिंबीर, शेवटी कांदा आणि थोडं पाणी. वाटण बोटांत चोळल्यावर कणी लागता कामा नये. पातळ सुपात जाडसर खोबरं वर तरंगतं आणि घशात अडकतं.

मसाला परतणं: इथेच बहुतेकांचं चुकतं

पातेल्यात तेल तापवून वाटण घाला. ‘कडेने तेल सुटेपर्यंत परता’ हा सल्ला इथे विसरा. एका चमच्यात सुटायला तेलच नाही. वाट बघत बसाल तर वाटण जळेल. खूण वेगळी आहे. कच्च्या लसणाचा वास जातो, रंग एक छटा गडद होतो आणि वाटण भांडं सोडून गोळा होऊ लागतं. मंद-मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं. खाली धरलं की तेल नाही, चमचाभर पाणी घाला आणि खरवडून घ्या.

आता गॅस बंद करा. काळा मसाला आणि मिरची पूड घाला, अर्धा मिनिट हलवा आणि लगेच पळीभर गरम पाणी ओता. या मसाल्यातले धणे, दगडफूल, लवंगा, मिरची आधीच भाजलेले असतात. दुसऱ्यांदा कडक तेलात पडले की कडवट होतात. तो कडवटपणा गुळाने किंवा लिंबाने जात नाही, नवीन वाटण करावं लागतं.

बाकीचं चिकनचं पाणी गरम असतानाच यात घाला. थंड पाणी ओतलं की उकळी मोडते, मसाला तळाशी बसतो आणि पुन्हा जमून यायला वेळ लागतो. तुकडे सोडा, दहा मिनिटं मंद उकळू द्या, उरलेलं मीठ शेवटी चाखून घाला. उकळून पाणी आटतं आणि खारटपणा वाढतो. प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात भाकरी, पापड, लोणच्यातलंही आलं. शेवग्याच्या शेंगा किंवा दुधीच्या फोडी घालायच्या तर याच वेळी, पण मग पाच-सात मिनिटं जास्त ठेवा.

फारच पातळ वाटलं तर एक छोटा चमचा ज्वारीचं पीठ थंड पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटं उकळा. खारट झालं तर बटाट्याने फारसं काही होत नाही. बिनमिठाचं गरम पाणी वाढवा.

उरलं तर

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास असतो, तेव्हा सूप तासाभरात फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. एरवी दोन तास चालतील. उथळ भांड्यात ओतलं की लवकर निवतं. सकाळी वर गोठलेला चरबीचा थर चमच्याने उचलून टाका. खाली सूप जेलीसारखं थरथरलं तर घाबरू नका, हाडांतलं जिलेटिन उतरल्याची ती खूण आहे. तीन दिवसांत संपवा, आणि दरवेळी लागेल तेवढंच काढून खळखळून उकळा.

वाढताना सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. लिंबू ज्याच्या त्याच्या वाटीत पिळा. पातेल्यात पिळून पुन्हा उकळलं तर त्याचा ताजा वास उडून जातो.