लूपर तालात राहत नाही? या चुका टाळा

लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तो पुन्हा पुन्हा फिरवणारं, पायाने चालवायचं पेडल; तो फिरणारा तुकडा म्हणजे लूप. हा लूप ड्रम मशीनपासून सुटला की हात आपोआप पेडलच्या मेन्यूकडे जातो. दहा सेटिंग बदलून होतात, आणि मुळात काय बिघडलं होतं तेही कळेनासं होतं. आधी दोन मिनिटं काहीही न वाजवता ऐका. लूप आणि ड्रम यांच्यातलं अंतर दर आवर्तनाला वाढतंय का? की पहिल्यापासून आहे तेवढंच आहे? की कधी पुढे, कधी मागे असं डोलतंय? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

अंतर वाढत जातंय

म्हणजे दोन्ही यंत्रं एकमेकांना जोडलेलीच नाहीत. दोन्हीकडे 120 बीपीएम (मिनिटाला 120 मात्रा) लावलं की झालं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पडद्यावर 120 दिसलं तरी आतला वेग तंतोतंत सारखा असेलच असं नाही. एक यंत्र 120 वर आणि दुसरं 120.05 वर चाललं, तर चार मिनिटांत 100 मिलिसेकंदांची फट पडते, आणि ती कानाला चांगलीच टोचते.

लूपची लांबी तुमच्या पायाने ठरत असेल तर हाल आणखी वाईट. 120 च्या लयीत चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे नेमके 8 सेकंद. लूपचं रेकॉर्डिंग संपवताना पाय 30 मिलिसेकंद उशिरा पडला, तर ती चूक दर फेरीला जमा होत राहते. दहा फेऱ्यांनी 300 मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. कितीही सराव केलात तरी पाय इतका अचूक होत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पेडलला बाहेरच्या मिडी क्लॉकवर, म्हणजे ड्रम मशीन वायरीतून पाठवते त्या वेगाच्या इशाऱ्यावर चालवा, आणि क्वांटाइझ, म्हणजे लूपची लांबी पूर्ण बारला जुळवून घेणारी सोय, चालू ठेवा. पेडलला मिडी इनपुटच नसेल, तर ड्रमचा ठेकाही त्याच लूपमध्ये रेकॉर्ड करून मशीन बंद करा. निदान जे काही असेल ते एकत्र फिरेल.

क्वांटाइझची एक खोड मात्र लक्षात ठेवा. बटण समेवर दाबायला गेलात आणि केसभर उशीर झाला, तर काही पेडल पुढच्या बारची वाट पाहतात आणि चार बारचा लूप पाच बारचा होऊन बसतो. समेच्या जरा आधीच दाबायची सवय लावा, बाकीचं पेडल सांभाळतं.

वेग बरोबर, पण सम चुकतेय

मिडी क्लॉकमधून 120 हा आकडा जातच नाही. दर मात्रेला 24 टिचक्या जातात, एवढंच. 120 ला दोन टिचक्यांमध्ये साधारण 20.8 मिलिसेकंद असतात, आणि त्या अंतरावरून पेडल वेग ताडतं. म्हणून पडद्यावर 119.9 आणि 120.1 असा आकडा लुकलुकला तर घाबरू नका.

पण टिचक्यांवरून सम कुठे आहे ते कळत नाही. ते सांगतो 'स्टार्ट' हा वेगळा संदेश. ड्रम आधी सुरू करून वायर नंतर खोचली, किंवा पेडलमध्ये स्टार्ट-स्टॉप घेण्याचा पर्याय बंद असला, की पेडल योग्य लयीत पण तिसऱ्या मात्रेवरून मोजू लागतं. आधी सगळं जोडा, मग ड्रम मशीनवर स्टार्ट दाबा.

क्लॉक पोचतच नाही, किंवा दुप्पट पोचतंय

पेडल आणि ड्रम मशीन थेट यूएसबी वायरने जोडून उपयोग होत नाही, कारण बहुतेक वेळा दोन्ही यंत्रं यूएसबीवर होस्टची, म्हणजे जोडणी चालवणाऱ्या यंत्राची, वाट पाहणारीच असतात. मध्ये कॉम्प्युटर किंवा यूएसबी होस्ट लागतो. मिडीच्या पाच पिनांच्या वायरीत मास्टरचा, म्हणजे क्लॉक पाठवणाऱ्या यंत्राचा, आउट पेडलच्या इनला जायला हवा, आणि तिसरं यंत्र असेल तर ते पेडलच्या थ्रूला, म्हणजे आलेला संदेश तसाच पुढे देणाऱ्या जागेला.

मिडीच्या छोट्या 3.5 मिमी जॅकने मला एक अख्खी संध्याकाळ छळलं. पेडल बिघडलं समजून मी ते फॅक्टरी रीसेट केलं, साठवलेले लूप गेले, आणि दोष निघाला वायरीचा. या जॅकची पिनांची जोडणी दोन प्रकारची असते, ए आणि बी. 2018 मध्ये ए प्रकार प्रमाण ठरला, पण त्याआधीच्या यंत्रांत दोन्ही सापडतात. आधी मॅन्युअल बघा, मग पेडलवर राग काढा.

120 च्या जागी 240 दिसतंय किंवा आकडा उड्या मारतोय? बहुधा यूएसबी आणि पाच पिनांची वायर, दोन्हीकडून क्लॉक येतंय. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं पेडलचं होतं. एकच वाट चालू ठेवा, आणि मास्टरही एकच. बाकी सगळ्यांचं क्लॉक पाठवणं बंद करा.

अंतर कायम आहे, किंवा डोलतंय

अंतर कायम असेल तर क्लॉकला दोष देऊ नका. ड्रम कॉम्प्युटरमधून फिरून येतोय आणि पेडल थेट मिक्सरला, असं तर नाही ना? 44.1 किलोहर्ट्झवर 256 सॅम्पलचा बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज पुढे सोडण्याआधी साठवतो तो तुकडा, एका बाजूलाच जवळपास 6 मिलिसेकंद खातो. बफर कमी करा, किंवा सॉफ्टवेअरमध्ये क्लॉकची वेळ (ऑफसेट) तेवढी सरकवा. अंतर डोलत असेल तर ब्लूटूथ मिडी सोडा आणि कॉम्प्युटरऐवजी ड्रम मशीनला मास्टर करून पाहा.

आणि गाण्याच्या शेवटी ड्रम थांबवून लूप एकटाच वाजत ठेवायचा असेल, तर स्टॉप दाबू नका. तो संदेश पेडललाही जातो आणि लूपही गप्प होतो. ड्रमचे ट्रॅक नुसते म्यूट करा, क्लॉक चालू राहू द्या.