चिठ्ठीवरच्या वेळा समजून गोळी कशी घ्यावी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक), ‘अनशापोटी’, ‘जेवणानंतर’ असे जे लिहिलेले असते, ते गोळीइतकेच महत्त्वाचे असते, आणि पोटात गेल्यावर गोळीचे काय होते हे थोडे ठाऊक असले की त्या वेळा पाळणे सोपे जाते.

प्रथम शोषणाचा विचार करावा. बहुतेक गोळ्या लहान आतड्यातून रक्तात जातात, आणि त्या वेळी आतड्यात दुसरे काय आहे, यावर रक्तात औषध किती पोहोचेल हे पुष्कळदा ठरते. कोल्हापूरकरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे दूध पिणे ही इथली जुनी आवड आहे, आणि आजाऱ्याला ताकद यावी म्हणून गोळीबरोबर दुधाचा पेला पुढे केला जातो. तो प्रेमापोटीच, यात शंका नाही. पण सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक दुधातल्या कॅल्शियमला चिकटते, त्याचे शोषण घटते आणि जंतूंपर्यंत पुरेसे औषध पोहोचत नाही. म्हणून असे औषध साध्या पाण्याबरोबरच घ्यावे आणि दुधाची वेळ डॉक्टरांना विचारून वेगळी ठेवावी. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन सकाळी अनशापोटी घ्यावी, अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी.

आतड्यातून शोषलेले औषध आधी यकृतात जाते आणि काही औषधांचा बराच भाग तिथेच निकामी होतो. छातीत कळ आल्यास जिभेखाली ठेवायला दिलेली गोळी गिळू नये ती याचसाठी. जिभेखालून ती थेट रक्तात उतरते आणि काही मिनिटांत काम करू लागते.

दिवसातून किती वेळा, हे बऱ्याच अंशी औषधाच्या अर्धायुष्यावर, म्हणजे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणाऱ्या वेळेवर ठरते. पॅरासिटामॉलचे अर्धायुष्य साधारण २ ते ३ तासांचे असते. ते ३ तास धरले, तर सकाळी आठच्या गोळीतले निम्मे औषध अकराच्या सुमारास आणि पाव दुपारी दोनच्या सुमारास उरते. म्हणून ती दिवसातून अनेकदा द्यावी लागते. लेव्होथायरॉक्सिनचे अर्धायुष्य मात्र सुमारे ७ दिवसांचे आहे. त्यामुळे रोज एकच गोळी पुरते आणि मात्रा बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. आठवडाभरात गुण आला नाही म्हणून स्वतःहून गोळी वाढवू नये.

मात्र औषध रक्तातून गेले म्हणजे त्याचा परिणामही संपला, असे नेहमी नसते. ॲस्पिरिन काही तासांतच शरीरातून जाते, पण रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांमधले (प्लेटलेट्समधले) एक विकर (एन्झाइम) ते कायमचे बंद पाडते, आणि त्या बिंबिका ७ ते १० दिवस जगतात. त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही. दात काढायला जाताना ॲस्पिरिन चालू असल्याचे सांगावे, ते यासाठी. ती आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

सर्वांत जास्त काळजी पॅरासिटामॉलची घ्यावी, कारण ते घरोघरी असते आणि निरुपद्रवी समजले जाते. प्रौढांसाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांत जवळजवळ तेवढी भरते. त्याचा थोडा भाग यकृतात विषारी द्रव्यात बदलतो. योग्य मात्रेत यकृत ते निष्प्रभ करते. मात्रा वाढली की हा बंदोबस्त अपुरा पडतो आणि यकृताच्याच पेशी मरतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही हेच औषध असते, म्हणून वेष्टनावरची घटकद्रव्ये वाचल्याशिवाय दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. दारू पिणाऱ्यांनी, यकृताचा विकार असलेल्यांनी आणि वजन कमी असलेल्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

मूत्रपिंड कमजोर असेल, तर मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसारखी लघवीवाटे बाहेर पडणारी औषधे अंगात साठतात. घरातल्या वृद्धांच्या चालू गोळ्यांची यादी आणि मूत्रपिंडाचा ताजा अहवाल प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावा.

एखादी वेळ चुकली आणि पुढची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेली गोळी सहसा सोडून द्यावी; भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत. फिट येण्यावरच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत मात्र हे डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.