व्हिट्बीला जाताय? आधी भरती-ओहोटी बघा

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर जायचं तर हॉटेल बुक करण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. आम्ही बघितल्या नव्हत्या. व्हिट्बीजवळच्या ‘रॉबिन हूड्स बे’ या किनाऱ्यावरच्या गावात उतार उतरून पोचलो, तर पाणी थेट रस्त्याच्या टोकाला टेकलेलं. वाळू नाहीच! ओहोटीला मात्र खडकांच्या लांबच लांब वळणदार रांगा उघड्या पडतात, मधल्या डबक्यांत खेकडे सापडतात. पाणी चढायला लागलं की कड्याखाली रेंगाळू नका, अडकाल.

गाडी वरच्या पार्किंगमध्येच ठेवा. खालच्या गल्ल्या अरुंद, आणि चढ असा की परत येताना माझे गुडघे बोलू लागले.

तिथून व्हिट्बीला बस आहे. मठाच्या अवशेषांकडे १९९ पायऱ्या चढून जायचं; गर्दीच्या आधी, सकाळीच. मग खाली येऊन फिश अँड चिप्स. पण बंदराच्या कठड्यावर बसून नको. सीगलने नवऱ्याच्या हातातला मासा मागून येऊन असा उचलला की त्याच्या हातात लाकडी काटा तेवढा उरला. भिंतीला पाठ लावून खा.

आणि हो, ऑगस्ट असला तरी विंडचीटर घ्याच.