मॉडिफाइड टर्बो गाडी देऊन कुटुंबासाठी वेगवान गाडी घेताना

रिमॅप केलेली (म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), फ्री-फ्लो म्हणजे मोकळा, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट बसवलेली आणि स्प्रिंगा बदलून जमिनीला टेकवलेली टर्बो हॅचबॅक एकट्याने चालवायला फार आनंदाची असते. पण तीच गाडी आई-वडिलांना मागे बसवून जळगावहून एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला नेली, की प्रत्येक गतिरोधकावर आईचा हात पुढच्या सीटला घट्ट धरलेला आरशात दिसतो. माझा निर्णय त्या हातामुळे झाला. मला वेग सोडायचा नव्हता. आवाज आणि दणके तेवढे सोडायचे होते. हा फरक मनाशी स्पष्ट असेल तर पुढचा व्यवहार पुष्कळ सोपा जातो.

पहिले काम म्हणजे गाडी मूळ स्थितीत आणणे. एक्स्चेंजमध्ये किंमत ठरवणारा माणूस बदललेल्या सुट्या भागांचे पैसे देत नाही. उलट इंजिनावर किती ताण पडला असेल याचा अंदाज बांधून तो किंमत कमी करतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, त्यामुळे कर्कश सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढलेला पाइप तसाच ठेवून गाडी पुढे देणे म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे होय. माझ्या गाडीच्या मूळ स्प्रिंगा आणि सायलेन्सर माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेले होते, म्हणून त्यांचा खर्च वाचला. मूळ एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा) मात्र मी पूर्वीच देऊन टाकला होता आणि तो नव्याने विकत घ्यावा लागला. म्हणून सुटे भाग काढताना त्यांचा एक बोल्टही टाकू नये. काढलेले चांगले भाग हौशी मंडळींना वेगळे विकावेत, त्यात एक्स्चेंजपेक्षा निश्चित अधिक पैसे येतात. स्प्रिंगा बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि टायर आतल्या कडेने झिजलेले आहेत का ते हात फिरवून पाहावे, कारण खाली बसवलेल्या गाडीचे टायर बहुधा तिथेच झिजतात.

रिमॅपबद्दल मात्र लपवाछपवी करू नये. मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी अनेक गाड्यांच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, बदलाची खूण राहते आणि सर्व्हिस सेंटरच्या यंत्राला ती दिसू शकते. गाडी कधी रिमॅप केली, ऑइल किती किलोमीटरला बदलले, क्लच कधी बदलला, याची बिले एका फाइलमध्ये लावून दिली तर समजूतदार ग्राहक ती गाडी विश्वासाने घेतो. मला वाटते, अशी गाडी शोरूमला देण्यापेक्षा तिची कदर असलेल्या माणसाला थेट विकणे केव्हाही चांगले.

आता नवी गाडी. सध्या १.५ लिटर टर्बो पेट्रोल सेडान हा या गरजेचा सर्वांत सरळ मार्ग आहे. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांच्या १.५ टीएसआय इंजिनाला १५० पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर) आहे, ह्युंदाई व्हर्नाच्या टर्बोला १६० पीएस आणि २५३ एनएम. स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन्हींना ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळालेले आहेत आणि व्हर्टसच्या डिक्कीत ५२१ लिटर जागा आहे, म्हणजे लग्नसराईत चार जणांचे सामान त्यात बसते. स्कोडाचीच जुनी, वेगवान ऑक्टाव्हिया व्हीआरएस मनाला फार भुरळ घालते, पण खानदेशात राहून तिची देखभाल करायची तर सुट्या भागांसाठी बाहेरच्या शहरांवर अवलंबून राहावे लागते; ती घेणाऱ्याने हा हिशोब आधी मांडावा, आणि ती गाडीही कोणी रिमॅप केलेली नाही ना, हे तपासावे.

टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नये. शोरूमच्या माणसाला विनंती करून मागे दोन वडीलधाऱ्यांना बसवावे आणि शक्य असल्यास एप्रिल-मेच्या दुपारी एसी सुरू ठेवून गाडी चालवावी. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात इंजिनात जाणारी हवा गरम होते आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) टाळण्यासाठी ईसीयू ठिणगीची वेळ लांबवतो, त्यामुळे कागदावरची ताकद हाताला कमी लागते. ट्रक ओलांडताना ६० वरून ९० पर्यंत गाडी किती सहज जाते, एवढे पाहिले की पुरे. त्याच वेळी मागे बसलेल्यांना सामान्य आवाजात बोलता येते का, हे त्यांनाच विचारावे. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लचचा, गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स) घेणार असाल तर बाजारपेठेच्या गर्दीत दहा मिनिटे रांगत चालवून पाहा. कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचचा गिअरबॉक्स अशा ठिकाणी गरम होतो आणि झटके देतो का, ते तिथेच कळते. कन्नडच्या घाटाची वळणे त्यानंतर, वेळ उरला तर.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. एक्स-शोरूम किंमत १० लाखांपेक्षा अधिक असल्यास एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच वसूल केलेला आयकर) घेतला जातो, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. जुन्या विम्यावरचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) गाडीचा नसून तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घ्यावे, ते तीन वर्षे चालते.

कागदपत्रांत मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी देणे, एवढ्यावर थांबू नये. ग्राहक महाराष्ट्रातला असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, परराज्यातला असेल तर ४५ दिवसांत. नवापूर-नंदुरबारकडच्या गाड्या अनेकदा सुरतेच्या बाजूला जातात, तेव्हा फॉर्म २८ ची एनओसी (आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र) लागते. कर्ज फिटलेले असल्यास गाडीवरचा बोजा उतरवण्यासाठी बँकेकडून फॉर्म ३५ आधी घ्यावा. चावी देताना मीटरचा आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो काढावा, तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्यावी, जुना फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, आणि परिवहनच्या संकेतस्थळावर नव्या मालकाचे नाव चढेपर्यंत दर आठवड्याला पाहत राहावे.