कुरण ओलं झालं, आता घोड्याच्या जंतांकडे पाहा

पाऊस लागून कुरण हिरवं झालं की लिदीतली जंतांची अंडी फुटतात आणि अळ्या ओल्या पात्यांवर चढून बसतात. चरता चरता त्या घोड्याच्या पोटात जातात. म्हणून या दिवसांत जंतनाशक पेस्ट द्यायची घाई होते. पण सिरिंज हातात घेण्याआधी मोजपट्टी घ्या.

घोड्याचं वजन नजरेनं ठरवणारे बहुतेक जण चुकतात, आणि बहुधा कमीच धरतात. पुढच्या कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये घ्या. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १८० आणि लांबी १६० असेल तर वजन साधारण ४३६ किलो येतं. हे सूत्र मोठ्या घोड्यांचं आहे, शिंगरांना लावू नका. सिरिंजच्या दट्ट्यावरची कडी येणाऱ्या वजनाच्या खुणेवर किंवा लगेच पुढच्या खुणेवर घट्ट बसवा. ‘जरा कमीच देऊ’ ही सावधगिरी इथे अंगाशी येते: कमी मात्रेत दुबळे जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

पेस्ट देताना तोंडात चारा नको, नाहीतर घासाबरोबर औषधही बाहेर पडतं. मोरकी धरा, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून सिरिंज आत सरकवा, जिभेच्या मागच्या भागावर पेस्ट सोडा आणि गिळेपर्यंत डोकं थोडं वर धरा. नाठाळ घोड्याला आधी काही दिवस रिकामी सिरिंज तोंडाला लावायची सवय करा. हे काम मारामारी करून होत नाही.

औषध कोणतं, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवा. आयव्हरमेक्टिनची नेहमीची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. ते बॉट माशीच्या, म्हणजे घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या माशीच्या, अळ्यांवरही चालतं, पट्टकृमींवर मात्र चालत नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल जोडलेली पेस्ट वापरतात. मॉक्सिडेक्टिन हे दुसरं जंतनाशक लहान शिंगरांना आणि हाडं दिसणाऱ्या घोड्यांना धोक्याचं ठरू शकतं, कारण ते चरबीत साठतं. शिंगराच्या पोटात गोलकृमी खच्चून भरले असतील तर एकदम मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकून पोटशूळ उठू शकतो. पोट सुटलेलं, केस राठ झालेलं शिंगरू आधी पशुवैद्यकाला दाखवा. गुरांचं जंतनाशक इंजेक्शन घोड्याला टोचू नका. हा शॉर्टकट मला कधीच पटलेला नाही.

सगळ्या तबेल्याला एकाच दिवशी पेस्ट देण्याची जुनी रीत सोडायला हवी. मोठ्या घोड्यांमध्ये थोडेच घोडे कुरणात बहुतांश अंडी टाकतात. ताज्या लिदीचा नमुना तपासून अंडी मोजून घेतली तर ते कोण हे कळतं. पट्टकृमी मात्र या तपासणीत अनेकदा निसटतात. औषधानंतर साधारण १४ दिवसांनी पुन्हा मोजणी करा. अंडी फारशी घटली नसतील तर तेच औषध पुन्हा देण्यात अर्थ नाही.

कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचला, तेवढ्यानेही पेस्टची गरज कमी होते. सांडलेली पेस्ट लगेच पुसा आणि औषधानंतर काही दिवस कुत्र्यांना लिदीजवळ फिरकू देऊ नका. कोलीसारख्या कुत्र्यांच्या काही जातींना आयव्हरमेक्टिन जिवावर बेतू शकतं. रिकामी सिरिंज ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका, पाण्यातल्या जीवांना आत उरलेलं औषध विषच आहे.